धक्का आणि नेम

ऑलिंपिकच्या रायफलीवर दुर्बीण नसते. मुलाला किंवा मुलीला पहिल्यांदा शूटिंग रेंजवर घेऊन आलेल्या पालकांना हे पाहून नवल वाटते. सिनेमात आणि मोबाइलच्या खेळात नेमबाज म्हटला की त्याच्या बंदुकीवर लांबलचक स्कोप आलाच. इथे मात्र डोळ्यापाशी बारीक छिद्राची एक चकती, नळीच्या टोकाला एक कडी आणि दहा मीटरवर एक काळा गोल. त्या गोलाच्या मध्यभागी दहा गुणांचा जो ठिपका असतो तो अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. छिद्रात कडी आणि कडीत काळा गोल अगदी मधोमध बसवायचा, शरीर स्थिर करायचे आणि घोडा दाबायचा. भिंग नाही, प्रतिमा मोठी करून दाखवणारे काहीच नाही.

नवी मुंबईकरांना हे शिकण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. त्याआधी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी दहा मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली होती. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी अवनी लेखरा त्यांचीच शिष्या. शिरूर यांना द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला आहे.

तरीही बंदुकीची आवड असलेली चार माणसे एकत्र आली की एक प्रश्न निघतोच: जोराचा धक्का देणाऱ्या शिकारी रायफलीवर टिकेल असा स्कोप कोणता? परदेशात, जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे राहणारा नातेवाईक हे विचारतो. आजोबांची रायफल परवान्यासकट वारशाने मिळालेला विचारतो. परवाना न लागणारी एअरगन ऑनलाइन मागवलेला कॉलेजचा मुलगाही विचारतो. तिघांची बंदूक वेगळी आहे आणि म्हणून उत्तरही वेगळे आहे. दुकानदार मात्र तिघांनाही आधी पॉवर, म्हणजे चित्र किती पट मोठे हवे, ते विचारतो. माझ्या मते चुकीची सुरुवात तिथेच होते. धक्का कुठून येतो, किती येतो आणि कोणत्या दिशेने येतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

एक उदाहरण घेऊ. शिकारी जिम कॉर्बेटकडे दोन प्रसिद्ध रायफली होत्या. एक .२७५ रिग्बी, हलकी आणि सौम्य. दुसरी ४५०/४०० जेफ्री, जड गोळीची दुनळी. दुसरीचा हिशेब मांडून पाहू. गोळी सुमारे २६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६४० मीटरच्या आसपास. रायफलीचे वजन पावणेपाच किलो धरू. न्यूटनच्या नियमाप्रमाणे गोळी जेवढ्या संवेगाने पुढे जाते, तेवढ्याच संवेगाने बंदूक मागे येते. गोळीमागून सुटणाऱ्या जळत्या वायूचा जोर त्यात मिळवला की ही रायफल खांद्याकडे सेकंदाला सव्वाचार मीटरच्या आसपास वेगाने येते. हा वेग तिला दीड ते दोन सहस्रांश सेकंदात मिळतो. म्हणजे त्या क्षणापुरते बंदुकीचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोनशे पटींहून जास्त असते.

आता त्या रायफलीवर अर्ध्या किलोचा स्कोप बसवला, अशी कल्पना करा. बार निघताना बंदूक मागे जाते आणि स्कोप जागच्या जागी राहू पाहतो. त्याला सोबत ओढून नेण्याचे काम स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या करतात. त्या क्षणी कड्यांवर येणारा ताण शंभर किलोच्या ओझ्याहून अधिक असतो. स्कोप सातशे ग्रॅमचा असेल तर ताण दीडशे किलोच्या पुढे जातो. दणकट दिसतो म्हणून जाडजूड, मोठ्या तोंडाचा स्कोप घेणारा माणूस स्वतःच ताण वाढवून घेतो. जड काडतुसाच्या रायफलीवर हलका स्कोप जास्त टिकतो. कागदावर हे साधे गणित आहे, पण दुकानाच्या काउंटरवर ते क्वचितच कोणी सांगते.

कडीत स्कोप घसरला तर काय होते? दोन कड्यांमध्ये बारा सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. स्कोपचे एक टोक केसाच्या जाडीएवढे, मिलिमीटरचा दहावा भाग, बाजूला सरकले तर शंभर मीटरवर गोळी आठ सेंटिमीटरहून जास्त चुकते. बाहेरून काहीच दिसत नाही. काच स्वच्छ आहे, रेषा सरळ आहेत, पण गोळी भलतीकडे जाते. नेमबाज स्वतःला दोष देतो, काडतूस बदलून पाहतो, आणि दोष असतो कडीच्या दोन स्क्रूंमध्ये. म्हणूनच अनुभवी माणसे स्कोपच्या आधी माउंटवर पैसे घालतात. पोलादी कड्या, रायफलीवर पक्की बसणारी पट्टी, पट्टीतल्या आडव्या खाचेत अडकणारी कळ आणि टॉर्क पानाने मोजून आवळलेले स्क्रू. हाताच्या अंदाजाने आवळलेला स्क्रू कधी ढिला राहतो, कधी इतका घट्ट होतो की स्कोपची नळीच चेपते.

आतली यंत्रणा आणखी नाजूक असते. स्कोपच्या बाहेरच्या नळीत एक छोटी नळी असते. उलटी दिसणारी प्रतिमा तिच्यातली भिंगे सरळ करतात. वरचा किंवा बाजूचा डायल फिरवला की ही छोटी नळी हलते आणि नेमाची रेषा सरकते. तिला डायलच्या खिळ्याशी टेकवून ठेवते एक स्प्रिंग. प्रत्येक बाराला ही नळी आदळते आणि स्प्रिंग तिला पुन्हा मूळ जागी आणते. स्वस्त स्कोपमध्ये ही स्प्रिंग लवकर थकते. नळी कधी परतते, कधी अर्ध्यावर अडकते. नेमबाज त्याला ‘झिरो हलला’ म्हणतात, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम हलला. माझ्या लेखी स्कोपच्या टिकाऊपणाची खरी कसोटी हीच: शेकडो धक्क्यांनंतरही झिरो जागेवर आहे का? भिंगाची चमक त्यानंतर पाहावी.

ही कसोटी घेण्याची एक जुनी पद्धत आहे. भक्कम टेबलावर रायफल टेकवून एका बिंदूवर गोळ्यांचा एक गट मारायचा. मग डायल वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवायचा आणि प्रत्येक वळणावर नेम त्याच बिंदूवर ठेवून गट मारायचा. कागदावर चौकोन उमटतो. शेवटचा गट पहिल्या गटावर नेमका बसला तर स्कोपच्या डायलवर विश्वास ठेवावा. बहुतेक स्कोपांत एक क्लिक म्हणजे कोनाच्या एका मिनिटाचा चौथा भाग, शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटर. चौकोन वाकडा आला किंवा बंदच झाला नाही, तर तो स्कोप कितीही नावाजलेला असो, जड रायफलीवर नको. कंपन्यांकडे यासाठी यंत्रे असतात. ल्युपोल्ड कंपनीच्या यंत्राला तिचे लोक ‘पनिशर’ म्हणतात. .३०८ रायफलीच्या तिप्पट धक्का देणाऱ्या या यंत्रावर आपल्या स्कोपांची पाच हजार आघातांची चाचणी होते, असे कंपनी सांगते.

धक्क्याचा दुसरा धोका डोळ्याला असतो. स्कोपच्या मागच्या काचेपासून पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा जेवढ्या अंतरावर ठेवावा लागतो, ते अंतर .३७५ आणि त्यावरच्या रायफलीसाठी निदान नऊ-दहा सेंटिमीटर हवे. ते कमी असेल तर मागे येणाऱ्या स्कोपची किनार भुवईवर आदळते आणि चंद्रकोरीसारखी जखम होते. चढावर पालथे पडून वर नेम धरताना हे हमखास घडते, कारण डोके आपोआप पुढे सरकते. म्हणूनच आफ्रिकेत म्हैस किंवा हत्तीसाठी निघणारे शिकारी एकपासून चार, पाच किंवा सहा पॉवरपर्यंतचेच स्कोप घेतात. कमी पॉवरला डोळ्यासाठी जागा जास्त मिळते. पुढचे भिंग चोवीस मिलिमीटरचे असले की नळी सरळ राहते, वजन कमी होते आणि स्कोप रायफलीवर खाली बसतो. जवळच्या अंतरावर मोठे जनावर शोधायला मोठी पॉवर अडचणच करते. चटकन सुटणाऱ्या कड्या असतील तर काच फुटल्यावर स्कोप उतरवून नळीवरच्या साध्या माशीने नेम धरता येतो. स्वारोव्स्की, झाइस, श्मिट अँड बेंडर, ल्युपोल्ड, ट्रिजिकॉन या सगळ्यांकडे अशा जातीचे स्कोप आहेत. जिथे कायदा परवानगी देतो तिथल्या वाचकाने या नावांतून किमतीप्रमाणे निवडावे, पण चौकोनाची चाचणी स्वतः घ्यावी.

पाण्याचाही विचार करायला हवा. आपल्याकडे पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशीचे जाळे चढते, हे वाशी-बेलापूरच्या फोटोग्राफरांना वेगळे सांगायला नको. स्कोपही काचेचाच. त्याच्या आतली दमट हवा काढून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरतात आणि सांध्यांना रबरी कड्या लावून सील करतात. ही पद्धत शिकारी स्कोपांत रूढ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. कॉर्बेटच्या तरुणपणी, १९०७ मध्ये त्याने चंपावतची वाघीण मारली तेव्हा, दमट रानात आणि जोराच्या धक्क्यात भरवसा ठेवावा असा स्कोप नव्हता. बहुतेक बार वीस-पन्नास पावलांवरून निघत. त्या अंतरावर माशी पुरे.

महाराष्ट्रात एकेकाळी जड रायफलींचे रान म्हणजे कोल्हापूर संस्थानचे दाजीपूर. गवा पूर्ण वाढला की त्याचे वजन टनाच्या घरात जाते, आणि त्याच्यासाठी मोठ्या काडतुसांच्या रायफली विलायतेहून मागवल्या जात. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात त्या काळच्या शिकारींचे पेंढा भरलेले प्राणी आजही आहेत. १९५८ मध्ये दाजीपूरचे रान अभयारण्य झाले, राज्यातले पहिले. मुंबई राज्याने वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा त्याआधी १९५१ मध्येच केला होता. १९७२ मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. एका झटक्यात सगळी शिकार बंद झाली, असा अनेकांचा समज आहे. खरे तर सुरुवातीला त्या कायद्यात काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने होते. ती वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. आता माणसाच्या जिवाला धोका किंवा पिकांची नासाडी अशा कारणांनी वनखात्याने दिलेली परवानगीच काय ती उरली आहे.

म्हणून आजोबांची रायफल वारशाने मिळालेल्याला माझे उत्तर सरळ आहे. तिच्यावर नवा महागडा स्कोप चढवू नका. महाराष्ट्रात तुम्हाला तो वापरायचे ठिकाण नाही. परवाना वेळेवर नूतनीकरण करा, नळीला तेल द्या, आणि ज्या माशीने आजोबांनी नेम धरला ती जपा. जुन्या दुनळीवर स्कोपच्या पट्टीसाठी भोके पाडली की तिची मूळ घडण जाते, आणि ती परत येत नाही.

स्कोप लागतो असे एक काम आपल्याकडे जरूर आहे, आणि ते जीव वाचवण्याचे आहे. बिबट्या वस्तीत शिरला की वनखात्याचे पथक भुलीच्या बंदुकीने त्याला बेशुद्ध करते. ही बंदूक दाबलेल्या वायूवर चालते, धक्का जवळपास नसतोच. डार्ट जड आणि संथ असतो, त्याचा मार्ग कमानीसारखा वाकतो, आणि अंतर बदलले की वायूचा दाबही बदलावा लागतो. दाब जास्त झाला तर सुई हाडापर्यंत जाते, कमी पडला तर डार्ट पोचतच नाही. इथे नेमाइतकाच अंतराचा अंदाज महत्त्वाचा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुंबई-ठाण्याला लागून आहे आणि तिथल्या पथकाला अशा वेळी भोवती जमलेल्या गर्दीतही काम करावे लागते. टिकाऊ स्कोपवर सरकारी पैसा खर्च व्हायचा असेल तर तो इथे व्हावा.

आता कॉलेजच्या मुलाची एअरगन. नवी मुंबईत खरा प्रश्न तिचाच आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटर बोअरच्या आणि वीस ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. म्हणून ती घरपोच येते. तिच्यासोबत बऱ्याचदा ‘चार ते बारा पॉवर’ असे ठळक छापलेला स्वस्त स्कोपही येतो. दोन महिन्यांत त्याचा झिरो जातो, कधी आतली रेषाच तुटते. मुलाला कळत नाही, एवढ्याशा छर्ऱ्याने स्कोप मोडलाच कसा?

उत्तर धक्क्याच्या दिशेत आहे. काडतुसाची रायफल एकाच दिशेने झटका देते, मागे. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये घोडा दाबताच जड दट्ट्या पुढे सुटतो, म्हणून बंदूक आधी मागे सरकते. दट्ट्या दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो तेव्हा तीच बंदूक पुढे हिसकते. एसटी सुटताना प्रवासी पाठीला टेकतो आणि कचकन ब्रेक लागला की पुढच्या दांडीवर आदळतो, तसे त्या स्कोपमधल्या भिंगांचे दर बाराला होते. मागे येणारा धक्का सोसायला बनवलेला चांगला शिकारी स्कोपही या उलट्या हिसक्याने खिळखिळा होतो. त्यामुळे अशा बंदुकीला दोन्ही दिशांचा धक्का सोसण्यासाठी बनवलेला, खोक्यावर एअरगनसाठी असे स्पष्ट लिहिलेला स्कोपच घ्यावा. एकसंध माउंट घ्यावा आणि मागे सरकू न देणारी अडणी लावावी. शिवाय शिकारी स्कोप बहुधा शंभर यार्डांवर स्पष्ट दिसेल असा जुळवलेला असतो. दहा-वीस मीटरवर त्याचे चित्र अंधुक दिसते आणि डोळा जरा हलला की नेम हलतो. जवळचे अंतर जुळवता येणारा स्कोप हवा. नाहीतर सरळ मागे छिद्राची चकती लावावी, जिला नेमबाज पीप साइट म्हणतात. तिच्यात फुटायला भिंगच नसते.

पण या मुलाला स्कोपपेक्षा मोठी गोष्ट सांगायची आहे. पनवेलपासून मुंबई-गोवा रस्त्याने थोडे पुढे गेले की कर्नाळा लागते, १९६८ पासूनचे पक्षी अभयारण्य. ठाण्याच्या ज्या खाडीत फ्लेमिंगो उतरतात, ती २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली. या दोन्हींच्या मधल्या शहरात एअरगन आली की कोणाचा तरी पहिला छर्रा पारव्यावर, बगळ्यावर किंवा कावळ्यावर जातो. वन्यजीव कायद्याने पक्ष्याला जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच धरले आहे. पूर्वी कावळ्याला ‘उपद्रवी’ म्हणून सूट होती. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती जुनी अनुसूचीच काढून टाकली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पक्षी पहिल्या अनुसूचीतला निघाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे. एअरगनला परवाना लागत नाही म्हणून ती खेळणे होत नाही. बाल्कनीतून सुटलेला छर्रा समोरच्या इमारतीतल्या माणसाचा डोळा घेऊ शकतो.

दाजीपूरचे रान ज्या राधानगरी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकला. मध्य रेल्वेत नोकरी, प्रशिक्षक दीपाली देशपांडे. त्याआधी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले होते ते १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी. ज्या तालुक्यात एकेकाळी गव्यासाठी मोठ्या रायफली आल्या, तिथला हा मुलगा .२२ च्या काडतुसावर जगात तिसरा आला. त्या काडतुसाची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपासची. सहा किलोची रायफल तिच्या धक्क्याने सेकंदाला जेमतेम पंधरा सेंटिमीटर वेगाने मागे येते, कॉर्बेटच्या दुनळीच्या जवळपास तिसाव्या हिश्श्याने. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ एका सेंटिमीटरहून किंचित मोठे, आणि डोळ्यासमोर भिंग नाही. तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. २०१० मध्ये म्युनिकला ती पन्नास मीटर प्रोनची विश्वविजेती झाली, तीही याच साध्या छिद्रातून नेम धरून.

अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या तिघी नेमबाज प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली घडल्या. त्या पिढीने वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जे शिकले ते पुढे पनवेलला आणि पुण्याला पोचले. मला हे सगळ्यात मोलाचे वाटते. शिकार गेली, पण नेम गेला नाही. नेमबाजीचा हा वारसा कोणत्याही राजवाड्यातल्या शस्त्रागारापेक्षा मोठा आहे, कारण तो कोणाही घरातल्या मुलीला आणि मुलाला मिळू शकतो.

म्हणून नवी मुंबईतल्या ज्या घरात या दिवाळीला एअरगन येणार असेल, तिथल्या आईवडिलांना एक विनंती आहे. स्कोपचे पैसे वाचवा. त्या पैशांत जवळच्या क्लबच्या ओळखवर्गाला मुलाचे नाव घाला, तिथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली त्याला पीप साइटने कागदावर छर्रे मारू द्या, आणि घरातली एअरगन क्लबला विचारल्याशिवाय खोक्यातून बाहेर काढू नका.